तह करणारा ओल्ड टॅसल भित्रा नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ड्रॅगिंग कनू या चेरोकी (अमेरिकेतल्या एका मूळ जमातीच्या) सरदारावर आलेला लेख वाचला. सध्या मुलीकडे टेनेसी राज्यात मुक्काम आहे. लेखातली बरीच ठिकाणे इथल्या रस्त्यांवरच्या पाट्यांवर रोज दिसतात, त्यामुळे जरा जास्तच बारकाईने वाचला. लेखकाची भाषा झोकदार आहे आणि नायकही तसाच तोलामोलाचा. १७७६ च्या जुलैत आयलंड फ्लॅट्सच्या लढाईत पायाला गोळी लागून जायबंदी झालेला हा माणूस पुढे आपली माणसे घेऊन चिकमॉगा ओढ्याकाठी नव्याने गावे वसवतो. ती जाळली की आणखी खाली टेनेसी नदीच्या घळीत सरकतो, आणि १ मार्च १७९२ ला मरेपर्यंत एकाही तहावर सही करत नाही. त्याच्या शौर्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार एका परिच्छेदाबद्दल आहे. 'चोटा गावच्या म्हाताऱ्या पुढाऱ्यांनी कापडचोपडाच्या बदल्यात जमीन विकली आणि मग आयुष्यभर गोऱ्यांपुढे मान तुकवली' अशा अर्थाचे त्यात लिहिले आहे. त्या म्हाताऱ्यांत ओल्ड टॅसलचे नाव घेतले आहे, तेही एकदाच आणि तुच्छतेने. हे वाचून गप्प बसवेना.

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालो. नोकरी सगळी मोजणीत आणि हद्दीच्या भांडणांत गेली. तिथे एक सवय लागते: जमिनीच्या वादात कोण मोठ्याने बोलला याला महत्त्व द्यायचे नाही. खत कोणी लिहिले, सही कोणाची, ताबा कोणाकडे आणि वादी हजर असताना त्याचे म्हणणे नोंदवले गेले का, एवढे बघायचे. या नजरेने पाहिले तर टॅसलची बाजू लेखात आहे त्याच्या बरोबर उलट निघते.

आधी ती १७७५ ची विक्री. मार्च महिन्यात वाटॉगा नदीकाठी सिकॅमोर शोल्सला रिचर्ड हेंडरसन नावाच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या माजी न्यायाधीशाने सुमारे २ कोटी एकर जमीन १०,००० पौंडांच्या मालावर 'खरेदी' केली. केंटकीचा मोठा भाग आणि कंबरलँड नदीचे खोरे त्यात आले. ड्रॅगिंग कनू तिथे उभा राहून विरोधात बोलला हे खरे, आणि विकणाऱ्यांत बसलेले काही म्हातारे त्याचे स्वतःचे वडीलधारे होते हेही खरे. अट्टाकुल्लाकुल्ला तर त्याचा बाप. पण मुळात हा व्यवहारच बेकायदा होता. ब्रिटनच्या राजाच्या १७६३ च्या जाहीरनाम्याने खासगी माणसाला इंडियन लोकांकडून (म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांकडून) परस्पर जमीन घ्यायला बंदी केली होती. पुढे व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिना या दोन्ही राज्यांनी हेंडरसनची खरेदी रद्द ठरवली. रद्द ठरवली म्हणजे जमीन चेरोकींना परत दिली, असे कोणाला वाटेल. तसे झाले नाही. जमीन राज्यांनी स्वतःकडे ठेवली आणि हेंडरसनच्या कंपनीला प्रत्येक राज्याने २ लाख एकर देऊन गप्प केले. हे लक्षात ठेवावे, कारण हेच खत दहा वर्षांनी पुन्हा टेबलावर येते.

टॅसल पहिल्यांदा ठसठशीत दिसतो तो १७७७ च्या उन्हाळ्यात, होल्स्टन नदीतल्या लाँग आयलंडवरच्या वाटाघाटीत. आदल्या वर्षी तीन राज्यांच्या सैन्यांनी चेरोकींची पन्नासहून जास्त गावे जाळली होती. उभे पीक कापून टाकले होते. समोर व्हर्जिनियाचे आणि नॉर्थ कॅरोलिनाचे प्रतिनिधी, मागणी आणखी जमिनीची. अशा वेळी हरलेल्या बाजूचा माणूस कसा बोलतो ते आपण जाणतो. टॅसलने विचारले, तुम्ही कोणत्या कायद्याने आमच्या जमिनीवर हक्क सांगता? तुम्ही आमच्या देशात चाल करून आलात, गावे जाळलीत आणि परत गेलात. जिंकलेली जमीन ताब्यात ठेवून बसला नाहीत, मग ती तुमची कशी झाली? आम्ही तुमच्यासारखी शेती का करत नाही असे तुम्ही विचारता, मग तुम्ही आमच्यासारखी शिकार करून का जगत नाही असे आम्हीही विचारू शकतो. देवाने तुम्हाला गाय दिली, आम्हाला गवा. तुम्हाला डुक्कर, आम्हाला अस्वल. तुम्हाला मेंढी, आम्हाला हरीण. तुमची जनावरे पाळीव, म्हणून दावणीला राहतात. आमची रानटी, म्हणून त्यांना जागा जास्त लागते. हा युक्तिवाद एखाद्या मुरब्बी वकिलाचा आहे. जमीन त्या वर्षी गेलीच, पण ज्या बेटावर ही बैठक झाली ते बेट चेरोकींनी राखून ठेवले.

मग १७८० चा डिसेंबर. क्रांतियुद्ध चालू होते. आर्थर कॅम्पबेल आणि जॉन सेव्हिअर या गोऱ्या सेनानींनी लिटल टेनेसी नदीकाठची गावे जाळली, खुद्द चोटासकट. कॅम्पबेलने स्वतःच्या अहवालात जाळलेल्या घरांचा आकडा १,००० आणि मक्याचा ५०,००० बुशेल असा दिला आहे. ऐन थंडीत. ड्रॅगिंग कनूची गावे दूर खाली नदीला होती. सैन्याला सोपी पडली ती ही वरची गावे, जिथले लोक त्याच्यासोबत गेले नव्हते. त्याच्या छाप्यांचा हिशेब वारंवार इथे चुकता झाला. लेखात याचा उल्लेखही नाही.

दीड-दोन वर्षांनी, १७८२ च्या सप्टेंबरात, टॅसलने नॉर्थ कॅरोलिनाच्या गव्हर्नरला निरोप पाठवला. नोलिचकी नदीकडचे तुमचे लोक आम्हाला रोज आमच्या जमिनीवरून ढकलत आहेत, शिकारीला जागा उरली नाही, आमच्या गावांपासून एका दिवसाच्या चालीवर त्यांनी घरे बांधली आहेत, असा त्याचा मजकूर. अतिक्रमणाचा तक्रारअर्ज म्हणतात तो हाच. 'एका दिवसाच्या चालीवर' हे अंतर त्याने मुद्दाम घातले आहे. असे अर्ज मी आयुष्यभर हाताळले. अर्जदार अंतर आणि दिशा सांगतो तेव्हा तो रडगाणे गात नसतो, मोजणी मागत असतो.

आता होपवेल. जागेअभावी पत्र कापावेच लागले तर माझा परिचय कापा, हा भाग मात्र ठेवा.

१७८५ च्या नोव्हेंबरात साउथ कॅरोलिनात कीओवी नदीकाठी अँड्र्यू पिकन्सच्या मळ्यावर अमेरिकेच्या काँग्रेसने चेरोकींशी पहिला तह केला. चारच आयुक्त आणि नऊशेहून जास्त चेरोकी. चोटाची मानाची स्त्री पुढारी नॅन्सी वॉर्डही तिथे बोलली. टॅसलने आपल्या इतर पुढाऱ्यांबरोबर आपल्या देशाचा नकाशा काढून आयुक्तांपुढे ठेवला. नद्या, गावे, हद्द. महामारी आणि युद्धे सोसलेल्या लोकांचा म्हातारा पुढारी कागदावर चतुःसीमा दाखवत बोलतो आहे.

आयुक्तांनी विचारले, केंटकी आणि कंबरलँड तर तुम्ही हेंडरसनला विकले ना? टॅसलचे उत्तर त्यांच्याच कारकुनाने लिहून घेतले आहे. हेंडरसन लबाड आहे, इथे असता तर तोंडावर सांगितले असते. त्याने गुरे-घोडी चारायला केंटकी नदीकाठी थोडी जागा मागितली, ती आम्ही दिली. अट्टाकुल्लाकुल्लाने सही केली असेल तर आम्हाला माहीत नाही; ओकोनोस्टोटाने (हा दुसरा ज्येष्ठ सरदार) केलेली नाही हे माहीत आहे, तरी त्याचे नाव खतावर आहे असे ऐकतो. ते हेंडरसनने घातले.

यावर आयुक्तांचे उत्तर ऐका. हेंडरसन मेला, ओकोनोस्टोटा मेला, लिटल कार्पेंटर म्हणजे अट्टाकुल्लाकुल्लाही मेला. तू म्हणतोस ते खरेही असेल. पण तुझी आठवण दगा देऊ शकते. हा कागद नोंदीला आहे आणि कायम राहील. या खताच्या भरवशावर त्या मुलखात वस्ती झाली आहे, तेव्हा जमीन खरोखर विकल्यासारखेच समजून तू समाधान मान.

जे खत दोन राज्यांनी स्वतः रद्द केले, तेच खत चेरोकींविरुद्ध ग्राह्य! खरेदीदाराला फायदा देण्यापुरते फेटाळायचे आणि मूळ मालकाला बाहेर काढण्यापुरते मानायचे, असा निकाल माझ्या सगळ्या नोकरीत कुठल्याही दप्तरात पाहिला नाही. आणि वाईट निकाल काही कमी पाहिले नाहीत.

टॅसलने केंटकीचा विषय तिथेच सोडला. इथे तो मान तुकवतो, असे लेखकाला वाटले असावे. प्रत्यक्षात त्याने गेलेल्या जमिनीवरून लक्ष काढून राहिलेल्या जमिनीवर आणले. फ्रेंच ब्रॉड आणि होल्स्टन या नद्यांच्या दुआबात गोरे घुसले होते, त्याच्या गावांच्या उंबऱ्याशी. त्यांना उठवा म्हणाला. आयुक्त म्हणाले, तीन हजार माणसे आहेत, उठवता येणार नाहीत. त्यावर टॅसलचा प्रश्न: ज्या काँग्रेसने ग्रेट ब्रिटनच्या राजाला जिंकले, तिला हे एवढे लोक हटवता येत नाहीत?

याचे उत्तर नोंदीत नाही, कारण उत्तर नव्हतेच. तहात कलम घातले की चेरोकी हद्दीत बसलेला जो गोरा सहा महिन्यांत निघणार नाही, तो अमेरिकेचे संरक्षण गमावेल आणि इंडियन लोकांनी त्याला हवी ती शिक्षा करावी. वाचायला फारच चांगले. आणि लगेच पुढे, हे कलम त्या दुआबातल्या लोकांना लागू नाही, त्यांची बाब काँग्रेसकडे निर्णयासाठी पाठवू. ज्या एका ठिकाणासाठी कलम हवे होते, तेच वगळले. टॅसलने सही केली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले दिले म्हणून आपण कोणाला भित्रा म्हणत नाही, मग हेच माप त्यालाही लावावे.

दुआबातले ते लोक कोण होते, हेही थोडे सांगायला हवे. बरेचसे गरीब, डोक्यावर कर्ज, नॉर्थ कॅरोलिनाने जमिनीच्या सनदा आधीच विकून ठेवलेल्या. त्यांनी १७८४ मध्ये 'फ्रँकलिन' नावाचे आपले वेगळे राज्य जाहीर केले, सेव्हिअर त्याचा गव्हर्नर. काँग्रेसने त्याला राज्य म्हणून कधी मान्यता दिली नाही. तरी या न-राज्याने होपवेलच्या आधीच, जून १७८५ मध्ये, डंपलिन क्रीकवर चेरोकींशी स्वतःचा तह करून घेतला होता. टॅसलची सही त्यावर नाही. मग १७८६ च्या उन्हाळ्यात काही खून झाल्याचे निमित्त करून त्यांची हत्यारबंद तुकडी कोयाटी गावाला आली आणि टॅसल व हँगिंग मॉ या दोघा पुढाऱ्यांकडून लिटल टेनेसी नदीपर्यंतच्या जमिनीची संमती घेतली. बंदुका रोखून. ती सही मी सही मानत नाही, आणि इथल्या इतिहासकारांपैकीही फारसे कोणी मानत नाही.

१७८८ चा मे. नाइन माइल क्रीकवर राहणाऱ्या जॉन कर्क नावाच्या वसाहतकऱ्याचे कुटुंब, अकरा जण, स्लिम टॉम नावाच्या चेरोकीने आणि त्याच्या साथीदारांनी मारले. कर्क आणि त्याचा मोठा मुलगा घरी नव्हते म्हणून वाचले. हे लपवण्यात अर्थ नाही. त्या बायका-मुलांचा काय दोष होता? सेव्हिअर फौज घेऊन निघाला आणि पुन्हा गावे जळू लागली.

चिल्होवी गावचा प्रमुख ओल्ड अब्राम याने आधीच सांगितले होते की, आपले लोक लढाईला गेले तरी मी घर सोडणार नाही, शांत राहीन. फौज नदीपलीकडे आली तेव्हा सेव्हिअरच्या फौजेतल्या जेम्स हबर्डने पांढरे निशाण उभारून अब्रामला बोलावले, मग टॅसललाही आणवले. निशाण पाहून ते आले. त्यांना एका घरात बसवले. सेव्हिअर त्या वेळी तिथे नव्हता. हबर्डने कर्कच्या मोठ्या मुलाला, त्याचेही नाव जॉनच, हातात कुऱ्हाड देऊन आत सोडले. जुन्या स्थानिक इतिहासात लिहिले आहे की पहिला घाव पडला तेव्हा बाकीच्यांना काय होणार ते कळले. त्यांनी नजर जमिनीकडे केली, माना खाली घातल्या आणि एकेकाने घाव घेतला. टॅसल, अब्राम आणि आणखी काही जण.

आता लेखकाच्या 'मान तुकवली' या शब्दांबद्दल मला काय वाटले असेल ते ओळखा.

कर्कच्या मुलाला शिक्षा झाली नाही. उलट पुढे त्याने टॅसलच्या भाच्याला, जॉन वॉट्सला, आपल्या कृत्याची शेखी मिरवणारे पत्र लिहिले. हबर्डला शिक्षा झाली नाही. सेव्हिअरला त्याच वर्षी अटक झाली, पण ती नॉर्थ कॅरोलिनाविरुद्ध राजद्रोह केल्याबद्दल, आणि तीही निभावली. १७९६ मध्ये तो टेनेसीचा पहिला गव्हर्नर झाला. नॉक्सव्हिलला जुन्या कोर्टाच्या आवारात त्याच्या थडग्यावरचा उंच स्तंभ मी पाहिला. शेजारच्या एका जिल्ह्याला त्याचे नाव आहे, आणि वॉशिंग्टनच्या संसदभवनात पुतळा. ओल्ड अब्रामचे नाव एका ओढ्याला आणि एका धबधब्याला आहे. सुट्टीच्या दिवशी तिकडे गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि माझ्या जावयाच्या मित्रमंडळींपैकी कोणालाही हा अब्राम कोण ते सांगता आले नाही.

हेन्री नॉक्स या युद्धमंत्र्याने १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्षांना लिहिले की होपवेलच्या तहाचे उल्लंघन लाजिरवाणे आहे. ही कबुली सरकारी कागदात आहे आणि कायम राहील, आयुक्तांचेच शब्द वापरायचे तर.

लेखकाने एका गोष्टीचा विचार करावा अशी विनंती आहे. ड्रॅगिंग कनूची ताकद सगळ्यात वाढली ती १७८८ नंतर, आणि त्याला ती त्याच्या भाषणांनी मिळाली नाही. टॅसलच्या खुनाने मिळाली. तोवर तहाच्या बाजूने असलेली, घरी बसलेली माणसे शेकड्याने त्याच्याकडे गेली. हा जॉन वॉट्स, जो गोऱ्यांच्या बैठकांना ये-जा करत असे, तोही गेला. ड्रॅगिंग कनूनंतर नेतृत्व त्याच्याकडेच आले आणि ३० सप्टेंबर १७९२ ला बुकॅनन स्टेशन या गोऱ्यांच्या ठाण्यावर हल्ला करताना तो जबर जखमी झाला. राष्ट्राचे मुख्य ठिकाण चोटाहून दक्षिणेला जॉर्जियातल्या उस्तनालीला हलले, लिटल टर्की प्रमुख झाला. लढाई १७९४ च्या नोव्हेंबरात टेलिको ब्लॉकहाउसला झालेल्या तहाने थांबली. आणि तो नद्यांमधला दुआब? १७९१ च्या होल्स्टनच्या तहाने तो अमेरिकेला मिळाला, वर्षाला १,००० डॉलरच्या बोलीवर.

तेव्हा लढणारा एक आणि विकणारे बाकीचे, अशी विभागणी या कागदपत्रांत टिकत नाही. १७९२ च्या जूनमध्ये उस्तनालीच्या सभेत ब्लॅक फॉक्स या चेरोकी पुढाऱ्याने ड्रॅगिंग कनूला श्रद्धांजली वाहताना तो स्वतःच्या लोकांचा आणि गोऱ्यांचाही मित्र होता, असे म्हटल्याची नोंद आहे. त्याच्या स्वतःच्या माणसांनाही तो लेखातल्यासारखा एकसुरी वाटत नव्हता.

शेवटी एक खात्यातली बाब. लेखासोबतचा नकाशा बदलावा. त्यात दाखवलेला चेरोकी प्रदेश १८३० च्या दशकातला आहे, म्हणजे ड्रॅगिंग कनूच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी उरलेला जॉर्जिया, अलाबामा, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना यांच्या कोपऱ्यांतला तुकडा. १७७५ च्या वादातली केंटकी आणि कंबरलँडची जमीन त्या चौकटीत येतच नाही, मग वाचकाला काय गेले ते कळणार कसे? टॅसल आणि इतर पुढाऱ्यांनी होपवेलला दिलेल्या नकाशाची नक्कल अमेरिकी सरकारच्या जुन्या छापील दप्तरात आहे. ती मिळवून छापावी, आणि खाली काढणाऱ्याचे नाव द्यावे.

आपला,
एक निवृत्त निरीक्षक, भूमी अभिलेख
(सध्या मुक्काम टेनेसी)